फिकट भोवत्या आणि पुणे परिसरातील माळरान

ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी सेवेतील विल्यम हेन्री साईक्स हे १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारच्या वतीने दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचे काम करीत होते. पिके, लोकसंख्या व जमीनमहसूल यांची माहिती जमविताना त्यांनी या प्रदेशातील पशुपक्ष्यांचाही संग्रह केला आणि १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कार्यवृत्तात दख्खनमधील पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. त्या सूचीतील एका शिकारी पक्ष्यास त्यांनी ‘सर्कस पॅलिडस’, म्हणजे फिकट भोवत्या, असे नाव दिले. हाच पक्षी ग्मेलिन या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच रशियातून वर्णिलेला असल्यामुळे अग्रक्रमाच्या नियमानुसार पुढे ‘सर्कस मॅक्रोरस’ हे नाव मान्य झाले. तथापि इंग्रजी व्यवहारात ‘पॅलिड हॅरिअर’ हे साईक्स यांच्या विशेषणाशी जुळणारे नावच रूढ राहिले. मध्य आशियात जन्मणाऱ्या या पक्ष्याच्या इतिहासात दख्खनच्या माळाचा संबंध असा प्रारंभापासूनच आलेला आहे.

हा पक्षी आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत ‘संकटसमीप’ या वर्गात मोडतो. ज्या जमिनीवर तो हिवाळा काढतो, ती जमीन मात्र शासकीय नोंदींत बहुधा ‘पडीक’ किंवा ‘निकृष्ट वन’ या सदराखाली येते. पहिले वर्गीकरण पक्ष्याचे आहे, दुसरे भूमीचे. पहिल्याची चर्चा पुष्कळ होते, दुसऱ्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. परंतु पुणे परिसरापुरते पाहिल्यास पक्ष्याचे भवितव्य दुसऱ्या वर्गीकरणावरच अधिक अवलंबून आहे. हे कसे, ते समजण्यासाठी प्रथम पक्ष्याची जीवनरीती, मग ‘संकटसमीप’ या संज्ञेचा नेमका अर्थ आणि शेवटी माळरानाचे स्वरूप, या क्रमाने विचार करणे सोयीचे होईल.

फिकट भोवत्या हा घारीपेक्षा लहान, सडपातळ, लांब शेपटीचा व लांब पंखांचा पक्षी आहे. प्रौढ नराची पाठ फिकट राखाडी, पोट जवळजवळ पांढरे आणि पंखाच्या टोकाशी पाचरीच्या आकाराचा काळा पट्टा असतो. मादी तपकिरी असून तिच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग व मानेभोवती फिकट कंठा दिसतो. मादी नराहून वजनदार असते. मोंटेग्यूचा भोवत्या या जवळच्या जातीच्या माद्या व पिले यांपासून हिच्या माद्या व पिले वेगळी ओळखणे अनुभवी निरीक्षकासही कठीण जाते. दोन्ही जाती हिवाळ्यात एकाच माळावर असतात, म्हणून संख्येच्या नोंदी करताना ही अडचण ध्यानात ठेवावी लागते. जमिनीपासून थोड्याच उंचीवर, पंख किंचित वर उचलून, गवताचा एकेक पट्टा संथपणे धुंडाळीत जाणे ही भोवत्यांची शिकारीची पद्धत होय. मराठी नावातून सूचित होणारे फेऱ्या घालण्याचे वर्तन ‘सर्कस’ या शास्त्रीय नावाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दातही आहे.

या पक्ष्याची वीण मुख्यतः रशिया व कझाकस्तान येथील गवताळ स्टेप प्रदेशात होते. घरटे जमिनीवरच, उंच गवतात असते. मादी साधारणतः चार ते पाच अंडी घालते आणि सुमारे एक महिना ती उबविते. त्या प्रदेशातील व्होल नावाचे लहान उंदरासारखे प्राणी हे वीणकाळातील प्रमुख भक्ष्य होय. व्होलांची संख्या एका वर्षी प्रचंड वाढते व दुसऱ्या वर्षी कोसळते. त्यानुसार भोवत्याही आपली वीणस्थाने बदलीत असतो. एखाद्या जिल्ह्यात एका वर्षी अनेक घरटी सापडावीत आणि पुढल्या वर्षी एकही सापडू नये, असे घडते. शरद ऋतूत हे पक्षी दक्षिणेकडे निघतात. काही आफ्रिकेतील सॅव्हानात जातात, तर काही भारतीय उपखंडात येतात. महाराष्ट्राच्या पठारावर ते सप्टेंबर-ऑक्टोबरपासून दिसू लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. म्हणजे वर्षातील जवळजवळ अर्धा काळ ते इकडचे रहिवासी असतात. त्यांना केवळ ‘पाहुणे’ समजणे योग्य नव्हे.

हिवाळी मुक्कामात भोवत्याच्या दोन गरजा असतात. त्या दोन्ही एकाच परिसरात भागाव्या लागतात. दिवसा त्याला शिकारीसाठी विस्तीर्ण उघडी जमीन लागते. नाकतोडे व टोळ, चंडोलासारखे जमिनीवर राहणारे लहान पक्षी, सरडे आणि उंदीर हे त्याचे भक्ष्य होय. फिकट भोवत्याच्या आहारात पक्ष्यांचे प्रमाण मोंटेग्यूच्या भोवत्यापेक्षा अधिक असते. ही शिकार निव्वळ गवताळ माळावरच होते असे नाही. ज्वारी, बाजरी, हरभरा यांची जिराईत शेते आणि पीक निघाल्यानंतरची पडिक रानेही त्याला चालतात. दुसरी गरज रात्रीच्या निवाऱ्याची. भोवत्या झाडावर झोपत नाही. सूर्यास्ताच्या सुमारास दूरदूरचे पक्षी एका ठराविक गवताळ जागी जमतात आणि उंच गवतात, जमिनीवर, थोड्या थोड्या अंतराने रात्र काढतात. अशा सामूहिक रात्रथाऱ्यासाठी न कापलेले, न जळालेले, पक्ष्याला लपवील इतके उंच गवत लागते, आणि तेथे रात्री माणसांचा व कुत्र्यांचा उपद्रव नसावा लागतो. शिकारीची जमीन शेकडो एकर असली तरी रात्रथाऱ्याची जागा कित्येकदा लहानच असते. ती एक जागा नाहीशी झाली, तर भोवतालची शेकडो एकर जमीन भोवत्याच्या उपयोगी पडेलच असे नाही.

आता ‘संकटसमीप’ या संज्ञेकडे वळू. लाल यादीत प्रत्येक जातीची परीक्षा ठराविक निकषांवर होते. एखाद्या जातीची संख्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ दीर्घ असेल त्यात, ३० टक्के किंवा अधिक घटली आणि घटीची कारणे अजून चालू असली, तर ती ‘असुरक्षित’ या वर्गात जाते. ‘संकटसमीप’ या वर्गाला असा स्वतंत्र आकडा नाही. जी जाती आज असुरक्षित ठरत नाही, परंतु त्या उंबरठ्याच्या निकट आहे, तिच्यासाठी हा वर्ग आहे. फिकट भोवत्याच्या प्रौढ पक्ष्यांची जगातील संख्या सुमारे १८,००० ते ३०,००० इतकी अंदाजिली जाते. ती घटत असल्याचे मानले जाते, पण घटीचा वेग निकषापर्यंत पोचलेला नाही, म्हणून त्याची गणना या वर्गात झालेली आहे.

ही घट प्रामुख्याने वीणस्थानांच्या नाशाशी जोडली जाते. १९५४ साली सोव्हिएत संघाने कझाकस्तान व पश्चिम सैबेरियात ‘कोऱ्या जमिनी’ नांगराखाली आणण्याची मोहीम सुरू केली आणि थोड्याच वर्षांत कोट्यवधी हेक्टर स्टेप गव्हाखाली गेला. पुढे १९९१ नंतर त्यांतील बरीच जमीन ओसाड पडली व काही भागांत गवत परतले. अलीकडे हा पक्षी पश्चिमेकडेही वीण करू लागला आहे. २०१७ साली नेदर्लंड्समध्ये व २०१९ साली स्पेनमध्ये त्याची घरटी आढळली. एका बाजूस नाश आणि दुसऱ्या बाजूस विस्तार, अशा परस्परविरोधी घटनांची बेरीज करून जागतिक वर्ग ठरतो. या पद्धतीत दोष नाही. परंतु तिच्याकडून स्थानिक प्रश्नाचे उत्तर मागणे ही चूक होय. युरोपात चार जोड्या वाढल्याने दख्खनमधील रात्रथाऱ्याची हानी भरून येत नाही. उलट दख्खनमधला एखादा रात्रथारा कायमचा ओस पडला, तरी जागतिक वर्गात त्याचे प्रतिबिंब उमटेलच असे नाही, आणि उमटले तरी पुष्कळ वर्षांनी उमटेल.

भारतातील अनुभव चिंता वाटावी असा आहे. गुजरातमधील वेळावदर येथील काळवीट राष्ट्रीय उद्यानात गेल्या शतकाच्या अखेरीस भोवत्यांचे हजारोंचे मेळावे नोंदले गेले होते, आणि जगातील सर्वांत मोठ्या रात्रथाऱ्यांत त्याची गणना होई. तेथील संख्या पुढे लक्षणीय घटली. आंध्र प्रदेशातील रोळ्ळपाडू येथूनही घटीच्याच नोंदी आहेत. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीसंबंधी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला व त्यांपैकी १७८ जाती संरक्षणाच्या दृष्टीने उच्च अग्रक्रमाच्या ठरविण्यात आल्या. त्यातील एक ठळक निष्कर्ष असा की, वनातील काही सर्वसाधारण जाती टिकून असताना उघड्या माळावर राहणारे पक्षी व मांसाहारी पक्षी यांची घट विशेष आहे. भोवत्या या दोन्ही गटांत मोडतो.

पुणे शहराच्या पश्चिमेस सह्याद्रीचा अतिवृष्टीचा पट्टा आहे. पूर्वेकडे व आग्नेयेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने उतरतो. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर बारामती-इंदापूरकडे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे असे पुढे गेल्यास बेसाल्ट खडकावरची मुरमाड, पातळ माती, त्यावर कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल यांसारखी गवते आणि मधूनमधून हिवर, बाभूळ, बोर, तरटी, नेपती अशी विरळ काटेरी झाडे हे दृश्य दिसू लागते. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, माळटिटवी व चंडोलांच्या अनेक जाती यांचे हेच घर होय. गवताचे सलग आवरण आणि त्यात विखुरलेली झाडे ही ज्या भूमीची लक्षणे, तिला वनस्पतिशास्त्रात सॅव्हाना म्हणतात. मराठी माणूस तिला पिढ्यान्‌पिढ्या ‘माळ’ म्हणत आला आहे.

परंतु शासकीय वर्गीकरणात माळ हा शब्द नाही. वनखात्याच्या परंपरेत या भूमीचा समावेश काटेरी वनाच्या प्रकारात होतो. चॅम्पियन यांनी १९३६ साली केलेले व सेठ यांच्यासह १९६८ साली सुधारलेले भारतीय वनप्रकारांचे वर्गीकरण आजही आधारभूत मानले जाते. त्यात अशा भूमीला बहुधा मूळच्या वनाचा ऱ्हास होऊन उरलेली अवस्था मानण्याकडे कल आहे. महसूल खात्याच्या दृष्टीने ती पडीक, फार तर गायरान. देशातील पडीक जमिनींचे जे नकाशे शासनाकडून प्रसिद्ध होतात, त्यांतही झुडपी व गवताळ प्रदेशाचा मोठा भाग समाविष्ट असतो. या दृष्टीचा परिणाम सरळ आहे. जी भूमी ऱ्हास पावलेले वन आहे तिच्यावर झाडे लावणे हा उद्धार ठरतो, आणि जी पडीक आहे ती दुसऱ्या कोणत्याही उपयोगास देणे ही सुधारणा ठरते.

ही समजूत कितपत खरी आहे? सॅव्हानातील बहुतेक गवते प्रकाशसंश्लेषणाच्या ‘सी-चार’ पद्धतीने वाढतात. कडक ऊन व कोरडी हवा त्यांना मानवते, सावली मानवत नाही. दक्षिण आशियात या गवतांचा मोठा प्रसार सुमारे ८० ते ६० लक्ष वर्षांपूर्वी झाल्याचे शिवालिक टेकड्यांतील पुराव्यांवरून दिसते. मनुष्याने कुऱ्हाड हाती घेण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कोरीव कवचे मिळाली असून ती सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची आहेत. शहामृग हा दाट अरण्यात राहणारा पक्षी नव्हे. अगदी अलीकडे, २०२५ साली, दिग्विजय पाटील व आशिष नेर्लेकर प्रभृती संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी आख्याने, ओव्या, चरित्रे इत्यादी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांत आढळलेल्या ४४ रानटी वनस्पतींपैकी २७ सॅव्हानाच्या वैशिष्ट्यपूर्ण जाती निघाल्या. खास वनातल्या अशा अवघ्या तीन होत्या. पश्चिम महाराष्ट्राचा हा भाग निदान सातशे वर्षे माळच होता, असा त्याचा अर्थ होतो. माळ ही वनाची उतरती कळा नसून स्वतंत्र व प्राचीन परिसंस्था आहे, हे मत आता केवळ पक्षिमित्रांचे राहिलेले नाही.

गेल्या दीडशे वर्षांत या परिसंस्थेवर निरनिराळ्या दिशांनी आघात झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरेचा डावा कालवा निघाला आणि १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले. कालव्याखालच्या जमिनीत जिराईत ज्वारी-बाजरीची जागा उसाने घेतली. दुष्काळी भागाला पाणी मिळणे हे इष्टच होते, आणि त्याबद्दल शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु भोवत्याच्या दृष्टीने ज्वारीचे रान आणि उसाचा फड यांत मोठे अंतर आहे. उभ्या उसात त्याला शिकार करता येत नाही, आणि कीटकनाशकांमुळे नाकतोड्यांची संख्याही घटते. शहराच्या बाजूने घरे, गोदामे, कारखाने व रस्ते माळावर सरकत आले. पुण्यातील वेताळ टेकडी, तळजई यांसारख्या टेकड्यांच्या गवताळ उतारांवर ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची विस्तृत लागवड झाली. तेथे आज हिरवाई दिसते, परंतु माळाचे पक्षी त्या दाट सावलीत राहू शकत नाहीत. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यात ५० कोटी वृक्ष लावण्याचा संकल्प झाला होता. एवढ्या लागवडीसाठी मोकळी जागा शोधताना दृष्टी प्रथम माळाकडे जाते. यांत वेड्या बाभळीचा आपोआप होणारा प्रसार, हिवाळ्यात लागणारे वणवे व मोकाट कुत्र्यांची वाढ यांची भर पडते. यांपैकी वणवा वेळेचा प्रश्न आहे. सॅव्हानाला आग सर्वस्वी परकी नाही, पण डिसेंबर-जानेवारीत उभे गवत जळाले, तर नेमक्या गरजेच्या वेळी रात्रथारा नाहीसा होतो.

पक्ष्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्याची शिकार करण्यास मनाई असून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. स्थलांतर करणाऱ्या वन्य प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत १९८३ पासून सदस्य आहे. त्या कराराखाली आफ्रिका व युरेशियातील शिकारी पक्ष्यांविषयी २००८ साली झालेल्या सामंजस्य करारावरही भारताने २०१६ साली सही केली. तथापि भोवत्याला बंदुकीपेक्षा नांगराची, जेसीबी यंत्राची आणि खड्डा खणून लावलेल्या रोपाची भीती अधिक आहे, आणि यांपैकी कशावरही या तरतुदींचा प्रत्यक्ष अंमल चालत नाही. देशातील अर्धशुष्क प्रदेशातल्या अशा मुक्त नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्या देशाच्या सुमारे दहा टक्के भूभागावर आहेत, पण त्यांपैकी संरक्षित क्षेत्रात येणारा भाग पाच टक्क्यांहूनही कमी आहे.

मग अभयारण्ये वाढविणे हा उपाय होईल काय? पुणे जिल्ह्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. चिंकाऱ्यासाठी ते महत्त्वाचे आहे, पण त्याचे क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. याच्या उलट सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली घोषित झालेले माळढोक अभयारण्य सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे व शेते आल्याने लोकांच्या नित्य व्यवहारांवर बंधने आली, रोष वाढला, आणि पुढे त्याची सीमा पुष्कळ आटवावी लागली. एवढे करूनही माळढोक तेथून जवळजवळ नाहीसा झाला. फार लहान अभयारण्य अपुरे पडते आणि फार मोठे टिकत नाही, हा त्यातील बोध होय. शिवाय माळ हा मनुष्यरहित कधीच नव्हता. धनगरांची मेंढरे शतकानुशतके येथे चरत आली आहेत. चराई अति झाली तर रात्रथाऱ्यापुरतेही गवत उरत नाही, परंतु ती सर्वस्वी बंद केली तर काही ठिकाणी झुडपे व वेडी बाभूळ माजते. म्हणून भोवत्याला हवे आहे ते कुंपण नव्हे. चराऊ माळ, जिराईत शेत व राखून ठेवलेले उंच गवत यांचे मिश्रण त्याला हवे आहे. गवत राखून दसरा-दिवाळीनंतर कापण्याची रीत खेड्यांत अपरिचित नाही. त्या राखीव गवताचा एखादा तुकडा मार्चअखेरपर्यंत उभा ठेवणे व त्याचा योग्य मोबदला गावास मिळणे, हा रात्रथारा वाचविण्याचा खर्चिक नसलेला मार्ग ठरू शकेल.

विद्यापीठीय संशोधनासाठी येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. सूर्यास्तापूर्वी एक तास दोन-तीन निरीक्षकांनी ठराविक जागी बसून थाऱ्यावर येणारे पक्षी मोजणे, नर व तपकिरी पक्षी यांच्या नोंदी वेगळ्या ठेवणे आणि हीच मोजणी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दरमहा, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे करणे, याला महागडी साधने लागत नाहीत. त्याबरोबर गवताची उंची, चराई, आग, कुत्र्यांचा वावर आणि जमीन कोणत्या खात्याच्या नोंदीत कोणत्या सदराखाली आहे, हेही लिहून ठेवले पाहिजे. शेवटची बाब प्राणिशास्त्राच्या कक्षेबाहेरची वाटेल. परंतु सात-बारावरील किंवा वनखात्याच्या आराखड्यातील एका शब्दावरून पुढील पावसाळ्यात तेथे खड्डे खणले जाणार की गवत उभे राहणार, हे ठरत असते.

साईक्स यांनी पक्षी व जमीन या दोहोंच्या नोंदी एकाच पाहणीत केल्या होत्या. पुढे पक्ष्याची नोंद एका शास्त्राकडे व जमिनीची दुसऱ्या खात्याकडे गेली आणि दोहोंचा संबंध तुटला. ‘संकटसमीप’ हा वर्ग ही एक सूचना आहे. अजून अवधी आहे एवढेच ती सांगते. तो अवधी कोठे आणि किती, हे माळावर जाऊनच मोजावे लागेल. ज्या संध्याकाळी एखाद्या थाऱ्यावर एकही भोवत्या उतरणार नाही, त्या संध्याकाळीही लाल यादीतील त्याचा वर्ग पूर्वीचाच असेल.